खरा इंद्रभान धनजचा

मी वारलो, ही बातमी मला मालेगावच्या बस स्टँडसमोर उसाचा रस पिता पिता समजली. रसवंतीवाला देवमन माझा जुना विद्यार्थी. सातवीत त्याला मी दोनदा नापास केलं होतं, तरी आमचे संबंध चांगले आहेत. त्याने ग्लास माझ्या हातात दिला आणि माझं मनगट धरलं. धरलं ते सोडेचना.

"काय झालं रे?"

"काई नाई सर. गरम हाय."

"रस गरम आहे?"

"रस नाई सर. तुमचा हात."

असं म्हणून त्याने मोबाइलवर माझं नाव शोधलं आणि पडदा माझ्यासमोर धरला. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत होतं, 'कै. इंद्रभान अवचार'. त्याखाली एका अनोळखी माणसाचा फोटो. पांढरी टोपी, भरघोस मिशी, समोर हार्मोनियमची पेटी आणि फोटोला झेंडूचा हार. हाराखाली फोन नंबर होता, आणि तो नंबर माझा होता. शेवटी तांबड्या अक्षरांत दोन शब्द: 'कायमचं बंद'.

'कै.'चं मला एवढं काही वाटलं नाही. तेहतीस वर्षं मास्तरकी केली आहे, शाळेच्या मुतारीत पोरांनी माझ्याबद्दल याहून वाईट लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. पण 'कायमचं बंद'? मी माणूस आहे का सिनेमाची टॉकीज? मी रस अर्धा टाकून निघालो. देवमनने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "राहू द्या सर, तुमच्यापासून कसे घ्याचे आता." ते 'आता' मला घरापर्यंत पुरलं.

एक मात्र झालं, माझं काम का बंद पडलं ते कळलं. रिटायर झाल्यापासून मी पेट्या दुरुस्त करतो. आमच्या भागात गावोगाव भजनी मंडळ, प्रत्येक मंडळाची एक पेटी, आणि प्रत्येक पेटीचा एक तरी सूर मुका. भात्यात उंदीर, पट्ट्यांत पेढ्याचा चुरा, आत मेलेली पाल, काय वाट्टेल ते निघतं. हे काम म्हणजे माझा जीव आहे. ते नसलं तर मी दिवसभर घरात असतो, आणि मी दिवसभर घरात असणं आमच्या घराला झेपत नाही. गेल्या दोन महिन्यांत एकही पेटी आली नव्हती. माझ्या टेबलावर बायकोने तूर निवडायला पसरली होती, आणि त्यातले खडे मी काढत होतो.

घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं. लिला म्हणजे माझी बायको. ती तूर पाखडतच होती.

"काहो, मंग तो चारचा फोन त्यातलाच असन काय?"

मी एकदम तिच्याकडे वळलो. कारण त्या फोनचं मी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि तिलाही माहीत नसावं असं मला वाटत होतं.

गेला महिनाभर रोज दुपारी चारच्या सुमारास मला एक फोन येत होता. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही, पंखासुद्धा दमलेला. फोन वाजे. मी सवयीने म्हणे, "हां, इंद्रभान अवचार बोलतो." पलीकडून काही नाही. श्वास असावा असं वाटे. आणि श्वासाच्या मागे, लांब कुठेतरी, टक्, टक्, टक्, असा एका ठेक्यातला आवाज. तो आवाज कसला ते कळायचं नाही. लाकडावर कोणी बोट वाजवत बसावं तसा. मी आधी नीट विचारलं. मग आवाज चढवला. एकदा तर मी ओरडलो, "अरे बोल न लेका, मेला काय तिकडे?" त्यावर पलीकडे काहीतरी हललं, आणि फोन बंद झाला. उलट फोन केला तर कोणी उचलत नसे.

आता त्या हारातल्या मिशीवाल्याचा फोटो पाहिल्यावर मला वाटलं, मी हा प्रश्न नको त्या माणसाला तर विचारला नाही ना?

दुसऱ्या दिवशी मी राजूकडे गेलो. हा राजू चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. त्याचं बाजारपेठेत सेवा केंद्र आहे. तिथे सातबाऱ्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं निघतं. माझी वेबसाइट त्यानेच केली होती. आणि खरं सांगायचं तर घोळ तिथेच, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या संमतीने झाला होता. मी साइट करायला गेलो तेव्हा नाव ऐकून राजू खुर्चीतून उठलाच होता.

"सर, तुमच्या नावाची एक साइट माझ्यापाशी आयतीच तयार हाय! पेटीचा फोटो बी हाय. नाव बदलाचं कामच नाही. फक्त पत्ता आन् फोन बदलला की झालं."

मी म्हटलं होतं, "वा! मग नवं कायले करता?" मी त्याला आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, की ती आयती साइट कोणाची. तो मी विचारला नाही. मुलांना तेहतीस वर्षं 'गणित पूर्ण वाचा, मग सोडवा' असं सांगणाऱ्या माणसाने विचारला नाही.

आता विचारला. राजूने मान खाजवली.

"धनजचे एक बुवा होते सर, कारंजा तालुक्यातले. तुमचंच नाव, तुमचंच आडनाव. लय मोठे भजनी. दोन वर्सं झाले, वारले. त्यायच्या मंडळानं आठवणीसाठी बनवून घेतली होती."

"म्हणजे तुम्ही मला मेलेल्या माणसाचे कपडे घातले?"

"धुऊन घातले होते सर," राजू कळवळून म्हणाला.

बातमी गल्लीत पसरायला संध्याकाळ लागली नाही. आमचे शेजारी धम्मरत्नजी बँकेतून रिटायर झालेले, कागदावर श्रद्धा असलेले गृहस्थ. ते म्हणाले, "सर, वाद कायले घालता? हयातीचा दाखला काढा आन् तो साइटवर चिकटवून द्या. पुरावा असला की कोणाचं चालत नाही." समोरच्या वहिनींनी राउटरला लिंबू-मिरची बांधायला सांगितली. राउटर त्यांचाच होता, आमच्याकडे त्यांचंच नेट येतं, म्हणून त्यांनीच बांधली. त्या दिवशी नेट खरोखर जरा वेगाने चाललं, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

मी दाखल्यासाठी एका कचेरीत गेलो. कोणत्या ते सांगत नाही, मला अजून तिथे कामं आहेत. कारकुनाने विचारलं, "कायले पाह्यजे?"

"मी जिवंत आहे म्हणून."

"ते दिसून राह्यलं. सादर कुठं कराचा?"

"सर्च इंजिनला."

"त्याचा पूर्ण पत्ता लिहा."

"त्याला पत्ता नाही."

"मंग दाखला कोणाच्या नावे देऊ? पेन्शनसाठी पाह्यजे असन त नोव्हेंबरात या." तेवढ्यात त्याच्या शेजारच्याने संगणकावर सहज माझं नाव टाकून पाहिलं असावं. तो कारकुनाच्या कानाला लागला. दोघेही उभे राहिले. मी निघेपर्यंत ते बसले नाहीत. एवढा मान मला नोकरीत असताना त्या कचेरीत कधी मिळाला नव्हता.

त्या आठवड्यात मला लोकांच्या नजरा कळायला लागल्या. शाळेतली जुनी शिपाईण रस्त्यात भेटली, ती माझ्याशी न बोलता माझ्या पायांकडे बघत राहिली. पाय सरळ आहेत की उलटे ते बघत होती. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. दाढी करताना मी आरशात जरा जास्त वेळ बघू लागलो, आणि एक दिवस लिला म्हणाली, "काहो, तुमी मिशी वाढवून राह्यले काय?" मी वाढवत नव्हतो, पण ती वाढली होती. मी ती त्याच क्षणी काढून टाकली. आणि चार वाजता फोन वाजलाच. टक्, टक्, टक्.

मग अनसिंगचं भजनी मंडळ आलं. दुपारची वेळ. मी मागच्या खोलीत खडे काढत होतो. दारात टाळांचा आवाज आला. लिला बाहेर गेली. मंडळाचे म्होरके हेमसिंग राठोड हात जोडून उभे होते, मागे आठ जण, एकाच्या गळ्यात मृदंग, सगळ्यांचे चेहरे पडलेले.

"बाई, इंद्रभानजी पेटीवाले यायचंच घर न हे?"

आता इथे एक सांगितलं पाहिजे. लिला माझं नाव घेत नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तिने माझं नाव कधी उच्चारलं नाही. उखाण्याची वेळ आली की ती पाणी आणायला निघून जाते. बाजारात ती मला 'अहो' अशी हाक मारते आणि भाजीच्या रांगेतले तिघे-चौघे नवरे वळून बघतात. नुसतं 'हो' म्हणायला काय हरकत होती? पण नाव कानावर पडलं की तिची मान आपोआप खाली जाते. तशी ती गेली. पदर डोक्यावर आला. मंडळाने काय समजायचं ते समजून घेतलं.

"लय वाईट झालं बाई," हेमसिंग म्हणाले. "आमची पेटी दोनदा जिती केली होती सरांनी. आमाले उशीर झाला, मोबाइलवर आता पाह्यलं." आणि मागे वळून, "सुरू करा रे."

मी बाहेर आलो तेव्हा भजन दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचलं होतं. सगळ्यात आधी मृदंगवाल्याने मला पाहिलं. मृदंग थांबला. एकाच्या हातातला टाळ सुटून पायरीवरून खणखणत खाली गेला. मी माझ्या दारात उभा, समोर माझ्यासाठी जमलेली माणसं. ऊन मी म्हणत होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. आपल्यामागे हे असं असणार, हे कोणाला असं दारात उभं राहून बघायला मिळतं? आणि कबूल करतो, माणसं फक्त नऊ होती याचं मला वाईट वाटलं.

"मी आहे," मी म्हणालो.

"हायत न?" हेमसिंगने दोनदा विचारून खात्री केली. मग ते म्हणाले, "सर, भजन अर्धं टाकता येत नाही. आता म्हणू द्या." त्यांनी ते पुरं म्हटलं. मी ओट्यावर बसून ऐकलं. लिलाने नऊ जणांचा चहा केला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

त्या संध्याकाळी मी धम्मरत्नजींच्या मुलीला, धम्मदीपाला, शरण गेलो. ती पुण्याच्या कंपनीत हेच काम करते, लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये का दिसत नाहीत ते शोधून काढायचं. सध्या घरूनच काम करत होती. मी आधी तिच्याकडे का गेलो नाही? कारण तिला 'अ' मी शिकवला होता. ज्याला 'अ' शिकवला त्याच्याकडे जाऊन 'मला कळत नाही' म्हणायला जरा वेळ लागतो.

तिने राजूकडून दोन्ही साइटच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, मागवल्या आणि पंधरा मिनिटं बघत राहिली.

"काका, एक तर पानाच्या शीर्षकात 'कै.' तसंच राहिलंय. वर दिसत नाही, पण सर्चला तेच दिसतं. दुसरं, खालची फोनची पट्टी दोन्ही साइटला एकच आहे. राजूदादाने तुमचा नंबर टाकला, तो त्यांच्या पानावरही गेला. हे दोन्ही सोपं आहे."

"आणि अवघड?"

"हे बघा." तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "एकसारखी दोन पानं असली की खरं कोणतं ते सर्चला सांगायला पानाच्या पोटात एक ओळ लिहितात. त्यांच्या पानात त्यांचाच पत्ता होता, तो बरोबर होता. राजूदादाने पान उचललं तशी ती ओळही आली. म्हणजे तुमचं पान गेले चार महिने सर्चला सांगतंय की मी नक्कल आहे, खरा इंद्रभान धनजचा. सर्चने ऐकलं. तुम्हाला बाजूला ठेवलं आणि त्यांना दाखवलं. मग कोणीतरी वाईट वाटून नकाशावर 'कायमचं बंद' कळवलं."

माझं मीच सांगत होतो. रोज. न बोलता.

"आणखी एक आहे काका," ती जरा हळू बोलली. "त्यांचं पान फारसं कोणी उघडत नाही. पण रोज एकदा उघडलं जातं. एकाच मोबाइलवरून. चारला दोन-तीन मिनिटं कमी असताना."

आम्ही दोघांनी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजले होते, तरी पाहिलं.

तिने सगळं दुरुस्त केलं. 'कै.' काढलं, ती ओळ बदलली, दोन्ही पट्ट्या वेगळ्या केल्या, धनजच्या पट्टीत मंडळाचा नंबर मिळेपर्यंत माझाच राहू दिला, माझा सूटमधला फोटो लावला आणि सर्चला पुन्हा येऊन बघायची विनंती पाठवली. "आता त्यांचा रोबोट येईल, पानं तपासेल आणि मग निकाल बदलेल. पंधरा दिवस धीर धरा." घरी लिलाने विचारलं, "रोबोट कोणत्या गाडीनं येते? चहा घेते काय?" ती थट्टा करत होती की नाही, हे मला छत्तीस वर्षांत कळलेलं नाही.

आता पुढचं सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो. मला पंधरा दिवस धीर धरवला नाही. तिसऱ्याच दिवशी मी राजूकडे गेलो आणि म्हणालो, "त्या धनजवाल्याच्या पानावर कोणी गेलं की त्याला सरळ माझ्या पानावर आणून सोडायचं. होतं ना असं?"

"होते सर. पण ते मंडळाचं पान हाय."

"मंडळाला कोण विचारतं? मेलेल्या माणसाला पेट्या दुरुस्त करायच्या आहेत का?"

राजूने ते केलं. मी उभा राहून करवून घेतलं. धम्मदीपाला सांगितलं नाही, कारण ती काय म्हणाली असती ते मला माहीत होतं.

आठवड्याभरात मी वर आलो. देवमनने स्वतः फोन करून सांगितलं, "सर, तुमी जिते झाले!" नाव शोधलं की पहिला मी. सूट, चष्मा, 'सुरू आहे'. हेमसिंगची पेटी आली, मागोमाग शिरपूरची आली. टेबलावरची तूर स्वयंपाकघरात गेली. धनजचा इंद्रभान कुठेच नव्हता. दहाव्या पानापर्यंत जाऊन पाहिलं, पुसला गेला होता.

आणि चारचा फोन थांबला.

पहिल्या दिवशी मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी हातातलं काम थांबवून फोनकडे बघत बसलो. तिसऱ्या दिवशी फोन बिघडला असेल म्हणून लिलाच्या फोनवरून स्वतःलाच लावून पाहिला. वाजला. मी उचलला, आणि सवयीने म्हणालो, "हां, इंद्रभान अवचार बोलतो." दोन्ही कानांना माझाच आवाज. त्या शांततेत आता टक् टक् नव्हतं, आणि ते नसणं मला त्या असण्यापेक्षा जास्त भ्यायला लावत होतं.

पाचव्या दिवशी, चारला दहा कमी असताना, दारात एक म्हातारी बाई उभी राहिली. हिरवट लुगडं, पायांवर धूळ, एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात मोबाइल. तिने मोबाइलचा पडदा पुढे केला. त्यावर मी होतो, सूटमधला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं.

"हे तुमी?"

"हो, मीच."

"मंग आमचे कुठं गेले?"

मी दाराची चौकट धरली. लिलाने तिला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. गोजराबाई नाव. धनजहून कारंजा, कारंजाहून शेलूबाजार, तिथून मालेगाव, तीन गाड्या बदलून आली होती. निघताना नातीने माझ्या पानावरचा पत्ता दाखवला होता, तो रस्ताभर लोकांना दाखवत आली. मोबाइलवर आजोबाचं पान नातीनेच समोर लावून दिलं होतं, बोट ठेवलं की फोटो उघडायचा. गोजराबाईला वाचता येत नव्हतं.

"फोन मीच करत होती," ती म्हणाली. "पयल्या दिशी फोटोवरून हात फिरवून राह्यली होती, त खालचं हिरवं दबलं. तिकून आवाज आला. तुमी म्हणलं, 'हां...'" ती थांबली. मान खाली गेली. "तुमी नाव सांगतलं. माया हातातून फोनच पडला."

"बाई, मला वाटलं..."

"म्या काही पागल नाही हाव, सर. ते नाहीत हे मले मालूम हाय. दहनाचं लाकूड म्या पाह्यलं. पण नाव त तेच हाय न." तिने पदराने तोंड पुसलं. "एकेचाळीस वर्सं संसार केला, म्या त्यायचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असन, आता तो उखाणा बी आठोत नाही. पोट्टे बापू म्हणत, नातवंडं आबा म्हणत, गाव बुवा म्हणे. आता फोटोखाली नाव लिहेल हाय म्हणते, पण मले त वाचता येत नाही. त्यायचं नाव घेणारं घरात कोणी नाही राह्यलं वो. दिसातून एक खेप तुमी घेत, तेवढं आयकून मी ठेवून देत होती."

"आणि मी तुम्हाला रागावत होतो," मी कसाबसा म्हणालो.

"नाव पयले घेत, मंग रागावत. मी रागाच्या आत ठेवत होती." मग ती एकदम हसली. "एक डाव तुमी म्हणलं, 'बोल न, मेला काय?' म्या मनात म्हणलं, हो बाप्पा, मेले."

मला तिच्याकडे बघवेना. मी विचारलं, "ती टक् टक् कसली?"

"पंखा हाय वो आमचा. रविवारी तेल देतो म्हणत, आन् तोच रविवार नाही आला." तिने मोबाइल पुन्हा माझ्यापुढे धरला. "सर, तुमचा फोटो चांगला हाय. पण मले आमचे पाह्यजे. कुठं ठेवले तुमी?"

लिला दारात उभी होती. हातात रिकामा तांब्या तसाच.

मी चपला न घालता धम्मदीपाकडे गेलो आणि मी काय केलं ते तिला सगळं सांगितलं. तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी कधी 'ढ' विद्यार्थ्याकडेही पाहिलं नसेन. मग तिने ते पान परत आणलं. टोपी, मिशी, पेटी, हार. गोजराबाईच्या मोबाइलवर उघडून दाखवलं. म्हातारीने अंगठ्याने काच पुसली.

"काका, खालची पट्टी मी वेगळी केली होती. त्यांच्या पानावर आता मंडळाचा नंबर आहे," धम्मदीपा म्हणाली.

"माझाच टाक."

"काका, ही चूक आहे. तपासणीत कायम लाल दिसेल. शिवाय 'कै.'खाली तुमचा नंबर, पुन्हा लोक फोन करतील."

"करू दे. जन्मभर दुसऱ्यांच्या वहीत लाल शेरे मारले, एक माझ्यावर राहू दे."

तेव्हापासून सर्चमध्ये दोन इंद्रभान आहेत. वर धनजचा, खाली मी. कधी कोणी मला सांत्वनाचा फोन करतं, मी ते घेतो आणि पेटीचं काही काम आहे का तेही विचारून घेतो. आणि चार वाजता मी हात पुसून तयार बसतो. फोन वाजला की सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणतो, "हां, इंद्रभान अवचार बोलतो." पलीकडे टक्, टक्, टक्. मी रागावत नाही. फोन आपोआप ठेवला जातो.

गेल्या गुरुवारी मात्र घोटाळा झाला. हेमसिंगच्या पेटीच्या भात्यातून एवढी धूळ आणि उंदराच्या लेंड्या निघाल्या की मला भर दुपारी आंघोळीला बसावं लागलं. डोक्याला, कानाला, तोंडाला साबण लावला आणि बाहेर फोन वाजला. चार वाजले होते.

"अगं, उचल!" मी मोरीतून ओरडलो.

फोन वाजत राहिला. मला डोळे उघडता येईनात. आता बंद होईल, आता बंद होईल, असं वाटत असताना तो थांबला. उचलला होता.

"हां," लिलाचा आवाज आला.

 मी तांब्या हातात धरून बसलो होतो. नळाचं थेंब थेंब पाणी बादलीत पडत होतं, तेवढाच आवाज.

"हां," ती परत म्हणाली. आणि मग तिने ते म्हटलं. अडखळत नाही, भरभर नाही. "इंद्रभान अवचार... यायच्या घरून बोलून राह्यली मी."

मी अंगावर दोन तांबे ओतले आणि तसाच पंचा गुंडाळून बाहेर आलो. लिला खाटेवर बसली होती, फोन मांडीवर, डोळे लाल. मला पाहून तिने पदर सारखा केला.

"बाईच होती," ती म्हणाली. "पंखा वाजत होता."

"लिला, अजून एकदा म्हण."

"काय?"

"नाव."

"कायले म्हणू?" ती उठली आणि फोन माझ्या टेबलावर ठेवला. "तुमी हायत न अजून. कानाले साबण हाय, तो पुसा पयले."